हवालदार, शिपाई, कामगार : हुद्द्यांच्या शब्दांचे चढउतार

#थ्रेड

१/
शिवकाळात गडाच्या किल्ल्या ज्याच्या स्वाधीन असत, त्या अधिकाऱ्याला हवालदार म्हणत. सरनोबत आणि सबनीस हे त्याचे जोडीदार. तिघांनी मिळून गड राखावा, पण दरवाजा उघडण्याचा आणि मिटण्याचा अधिकार हवालदाराचा. आज ‘हवालदार’ म्हटले की चौकात शिट्टी वाजवणारा पोलीस डोळ्यांपुढे येतो. शब्दाचे एक अक्षरही बदललेले नाही. हुद्दा मात्र गडाच्या सदरेवरून रस्त्याच्या नाक्यावर आला. कामाच्या जागी बोलल्या जाणाऱ्या मराठीत अशी घसरण आणि अशी चढण कशी होत गेली, त्याचा हा मागोवा.

२/
हवालदार एकटा नव्हे. ‘शिपाई’ हा मूळचा फारसी ‘सिपाही’, म्हणजे सैनिक. ‘शिपाईगडी’ या शब्दात अजूनही ती जुनी ऐट आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, फौजा मोडल्या आणि तलवारीवर पोट असलेली माणसे नव्या मालकाच्या कचेऱ्यांच्या दारी आली. कंपनी सरकारला लढणारे थोडे हवे होते. निरोप नेणारे, वसुलीला सोबत जाणारे आणि साहेबाच्या दाराशी उभे राहणारे पुष्कळ हवे होते. छातीवर पट्टा आणि पितळी बिल्ला आला, म्हणून त्याच माणसाला ‘पट्टेवाला’ असेही नाव पडले.

३/
गंमत अशी, की इंग्रजांनी त्याच्यासाठी वापरलेला ‘प्यून’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला, आणि त्याचाही मूळ अर्थ पायदळातला शिपाई असाच. दोन वेगळ्या भाषांतले दोन सैनिक एकाच स्टुलावर येऊन बसले. पोलीस खात्यात ‘पोलीस शिपाई’ आणि कचेरीत नुसता ‘शिपाई’, अशी त्या शब्दाची वाटणी पुढे कायम झाली.

४/
‘नोकर’ या शब्दाचा प्रवास तर याहून लांबचा. मंगोल भाषेत ‘नोकोर’ म्हणजे सोबती, साथीदार. आपले कूळ सोडून स्वेच्छेने एखाद्या सरदाराच्या पाठीशी उभे राहणारे लढवय्ये ते नोकोर. चंगीझखानाच्या उदयात या साथीदारांचा वाटा मोठा होता. इराणवर मंगोलांचे राज्य आले तेव्हा हा शब्द फारसीत शिरला आणि फारसीबरोबर हिंदुस्थानात आला. मराठी कागदपत्रांतही ‘नोकरी’ म्हणजे प्रामुख्याने लष्करी चाकरी. घरात भांडी घासणारा ‘नोकर’ हा अर्थ मागाहूनचा. सोबती कधी सेवक झाला, हे शब्दालाही कळले नसावे.

५/
दख्खनमध्ये बहमनी सत्ता १३४७ मध्ये स्थापन झाली आणि दरबाराची भाषा फारसी झाली. पण दरबार आणि गाव यांच्यामध्ये हिशेब ठेवणारा जो माणूस बसे, तो बहुधा मराठी बोलणारा असे. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४–१५५८) महसुलाचे दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत ठेवण्याची आज्ञा दिली आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे सोपवले. त्यामुळे जी भाषा तयार झाली, तिची क्रियापदे मराठी आणि नामे फारसी-अरबी. तपशील, मजकूर, जमा, बाकी, हजेरी, रजा, फेरफार यांतला एकही शब्द आज कोणाला परका वाटत नाही.

६/
या दप्तराने मराठी समाजाला आडनावे दिली. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्याचा मराठी घरात ‘नीस’ झाला. चिठ्ठ्या-पत्रे लिहिणारा चिटणीस, खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस, सैन्याची हजेरी मांडणारा सबनीस, कोठारे सांभाळणारा कारखानीस. फडणीसाच्या मुळाशी ‘फर्द’ आहे की ‘फड’, यावर अभ्यासकांत दोन मते आहेत. हुद्दे गेले, पगार थांबले, दप्तरे पुराभिलेखागारात गेली. पण शाळेच्या हजेरीपटावर ही पदे अजून रोज पुकारली जातात.

७/
‘कारखाना’ हाही असाच फसवा शब्द. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत यंत्र नव्हते आणि धूरही नव्हता. राज्याच्या कोठारांची आणि सेवाविभागांची ती खाती होती. शिवकालीन पत्रात ‘कारखाना’ दिसताच डोळ्यांपुढे धुराडे आणणारा नवा वाचक येथे हमखास चकतो. जुना कागद वाचताना अनोळखी शब्दाचे भय थोडे, ओळखीच्या शब्दाचे भय अधिक.

८/
१६७४ च्या राज्याभिषेकात या भाषेला पहिल्यांदा जाणीवपूर्वक हात घातला गेला. अष्टप्रधानांची नावे बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती आणि पेशव्याचा मुख्यप्रधान. याच सुमारास ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी तो जोडला जातो. प्रत्यक्ष रचना धुंडिराज व्यास यांची असे काही अभ्यासक मानतात. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत सुमारे चौदाशे व्यवहारशब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत, आणि तेही अमरकोशाच्या धर्तीवर, श्लोकबद्ध.

९/
श्लोकबद्ध का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. कचेरीत बसलेला कारकून शब्द शोधण्यासाठी श्लोक म्हणत बसणार नाही. तो कोश पाठांतराच्या परंपरेतल्या पंडितासाठी अधिक, आणि रोजकीर्द लिहिणाऱ्यासाठी कमी, असे वाटते. पण त्याचे मोल निव्वळ उपयोगात मोजू नये. नवे सार्वभौम राज्य आपल्या हुद्द्यांना स्वतःची नावे देते, ही घोषणाच त्या काळी मोठी होती.

१०/
मग तो प्रयत्न यशस्वी झाला का? इतिहासाचार्य राजवाडे यांनी वेगवेगळ्या काळांतली पत्रे घेऊन त्यांतले फारसी शब्द मोजले आणि शिवकाळापासून ते प्रमाण झपाट्याने उतरत गेल्याचे दाखवले. निष्कर्षाची दिशा पटण्याजोगी आहे. पण मूठभर पत्रांवरून साऱ्या भाषेचे प्रमाण ठरवणे धाडसाचे. खासगी पत्र, देवस्थानाचे दानपत्र आणि विजापूरच्या अंमलदाराला लिहिलेले पत्र यांची भाषा एकाच लेखणीतूनही वेगळी उतरते.

११/
उलट पुरावाही समोर आहे. पेशव्यांच्या शिक्क्यांवर अखेरपर्यंत ‘मुख्य प्रधान’ हेच शब्द कोरलेले असत. म्हणजे कागदावर राज्याभिषेकाचा निर्णय पाळला गेला. पण त्या शिक्क्याच्या धन्याला साऱ्या हिंदुस्थानाने ‘पेशवा’ म्हटले, त्याच्या काळाला ‘पेशवाई’ म्हटले. शिक्का एक सांगतो आणि तोंड दुसरेच बोलते, हा प्रकार मराठी कारभारात तेव्हापासूनचा.

१२/
तरीही ती नावे मेली नाहीत. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंतअमात्य, औंधचे पंतप्रतिनिधी अशी ती संस्थानांच्या आडोशाला तग धरून राहिली. स्वातंत्र्यानंतर हिंदीने ‘प्रधानमंत्री’ म्हटले, मराठीने मात्र ‘पंतप्रधान’. दिल्लीच्या पंतप्रधानांचा उल्लेख करणारे प्रत्येक मराठी वर्तमानपत्र नकळत पेशव्यांची उपाधी छापत असते.

१३/
इंग्रजी अमलात कोर्ट, अपील, समन्स, वॉरंट, कलेक्टर हे शब्द आले, त्यांचे विवेचन येथे नको. ते सर्वांना ठाऊक आहे. लक्षात घेण्यासारखे हे, की फारसी शब्द त्यांनी हुसकावले नाहीत. ते त्यांच्या शेजारी येऊन बसले. ‘अपिलाचा अर्ज’, ‘समन्सची बजावणी’, ‘कोर्टाची तारीख’ ही सारी जोडकामे. अर्जाच्या आरंभीचे ‘मे.’ हे ‘मेहेरबान’चे संक्षिप्त रूप ‘मे. कोर्ट’ या प्रयोगात अजून टिकून आहे, आणि पेढीच्या नावाआधीचे ‘मे.’ मात्र ‘मेसर्स’चे. एका अक्षरात एक मोगलाई आणि एक इंग्रजी कंपनी मावली.

१४/
महिन्याच्या मोबदल्याला जुन्या दप्तरांत किती नावे होती! मुशाहिरा, मोईन, रोजमुरा, तैनात, वेतन. प्रत्येकाची छटा वेगळी. या सर्वांवर मात केली ती ‘पगार’ या शब्दाने. तो पोर्तुगीज ‘पागार’, म्हणजे चुकते करणे, देणे. किनाऱ्यावरून आलेला हा शब्द घाट चढून थेट घराघरांत गेला. लेखी भाषेत ‘वेतन’ परत आले आहे; वेतन आयोग असतो, वेतनश्रेणी असते. पण पहिल्या तारखेला जो होतो तो पगारच.

१५/
आता मुंबई. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीची उभारणी आरंभिली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा या भागात गिरणगाव वसले. कोकण, सातारा, कोल्हापूर इकडून आलेल्या माणसांनी यंत्राला आपल्या गावचे शब्द लावले. माग म्हणजे ‘साचा’. विभाग म्हणजे ‘खाते’, जे काल वाण्याच्या वहीत होते. ‘पाळी’ हा पाटाच्या पाण्याच्या आणि देवळातल्या पूजेच्या वाटणीचा शब्द. त्याची ‘रात्रपाळी’ झाली. जॉबर हा मात्र जॉबरच राहिला, आणि बायकांच्या खात्यावरच्या मुकादमणीला ‘नायकीण’ म्हणू लागले.

१६/
‘बदली’ हा त्यांतला सर्वांत जीवघेणा शब्द. सरकारी नोकराची बदली म्हणजे गाव बदलणे. गिरणीत ‘बदली’ म्हणजे माणूसच: जो रोज पहाटे फाटकाशी उभा राहतो आणि कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तरच आत घेतला जातो. कोणाला आत घ्यायचे ते जॉबरच्या मर्जीवर. १९३५ पासून गिरणीमालकांनी बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली. तेव्हा त्या मर्जीला थोडा चाप बसला. पण ‘बदली’ म्हणून वर्षानुवर्षे काढलेली माणसे गिरणगावात शेवटपर्यंत होती.

१७/
आणि येथेच या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा उलटफेर घडला. तो ‘कामगार’ या शब्दाचा.

१८/
महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. आजचा तरुण वाचक तो उघडतो, त्यात ‘भट कामगार’, ‘युरोपियन कामगार’ असे शब्द वाचतो आणि गोंधळतो. जोतीराव कामगारांवर इतके का संतापले आहेत? कारण तेथे कामगार म्हणजे मजूर नव्हेच. कामगार म्हणजे सरकारी अधिकारी, अंमलदार, कचेरीत खुर्चीवर बसणारा. शेतकऱ्याला नाडणारा तो कामगार. हा अर्थ सुटला की त्या पुस्तकाचा रोख नेमका उलटा वाचला जाण्याचा धोका आहे.

१९/
मग अवघ्या एका पिढीत हा शब्द खुर्चीवरून उठून साच्यापाशी कसा आला? फुले यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीतल्या माणसांची संघटना उभारली ती १८८४ च्या सुमारास. तिचे प्रचलित नाव इंग्रजी, ‘मिल हँड्स असोसिएशन’. इंग्रजीने त्या माणसाला नुसता ‘हात’ म्हटले होते. रविवारची साप्ताहिक सुटी १८९० मध्ये मिळाली ती या ‘हातां’च्या चळवळीने. त्याच्यापुढे मराठीत पर्याय होते मजूर आणि हमाल. दोन्ही शब्द ओझ्याखाली वाकलेले.

२०/
१९०९ मध्ये मुंबईत ‘कामगार हितवर्धक सभा’ निघाली. सीताराम केशव बोले तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी. येथे ‘कामगार’ स्पष्टपणे श्रमिकाच्या अर्थी आहे. १९२८ च्या मोठ्या संपात ‘गिरणी कामगार युनियन’ स्थापन झाली, तोपर्यंत जुना अर्थ जवळजवळ विसरला गेला होता. कचेरीतल्यांना ‘अधिकारी’ हा नवा भारदस्त शब्द मिळाला होता. त्यांनी जुना टाकला. गिरणीतल्यांनी तो उचलला. ‘मजूर’ न म्हणवून घेता कालपर्यंत साहेबाला शोभणारे नाव स्वतःला लावण्यात काही स्वाभिमान असेल, असे अनुमान काढता येते. हवालदार आणि शिपाई खाली उतरले; येथे शब्द खाली आला असे कोणी म्हणेल, पण त्याने माणसे वर उचलली.

२१/
संपाचेही तसेच. गुजरातीत ‘संप’ म्हणजे आजही एकोपा. मराठीत त्या एकोप्याचा एकच परिणाम नावात उरला: काम बंद. मालकांच्या ‘लॉकआउट’ला मराठीने ‘टाळेबंदी’ म्हटले. गिरणीच्या फाटकावरचा तो शब्द २०२० मध्ये सरकारी परिपत्रकांतून साऱ्या राज्याच्या दारावर लागला, तेव्हा फार थोड्यांना त्याचे माहेर आठवले.

२२/
एक कडवट उदाहरण ‘बिगारी’चे. ‘बेगार’ म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. वेठबिगार हा त्याचाच जोडशब्द. आज बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली विटा-रेती देणारा मजूर स्वतःला ‘बिगारी’ म्हणवतो आणि रोजाने पैसे घेतो. पैसे मिळू लागले, तरी नावातून ‘फुकट’ गेले नाही.

२३/
उलट ‘माथाडी’कडे पाहावे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. बाजारातला, गोदीतला साधा शब्द. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९ मध्ये महाराष्ट्राने केलेल्या कायद्याच्या नावातच ‘माथाडी, हमाल’ हे शब्द आले. कोणत्याही पंडिताने तो शब्द घडवला नाही, कोणी शुद्ध केला नाही. त्यामागे मंडळ, नोंदणी आणि भविष्यनिर्वाह निधी उभा राहिला, एवढेच.

२४/
शुद्धीचा विषय निघालाच आहे. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीने दिनांक, क्रमांक, महापौर असे शब्द रुळवले. माधवराव पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन. त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. ज्याला परका शब्द मुळासकट ठाऊक, त्यानेच तो काढायला निघावे, हे दिसते तितके विसंगत नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषी शासनकोश प्रसिद्ध करवला, हेही याच काळातले.

२५/
१ मे १९६० ला राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले. १९६२ मध्ये पदनाम कोश आला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. पदनाम कोशाची ‘बदनाम कोश’ म्हणून टिंगल झाली. पण आयुक्त, संचालक, अधीक्षक, अभियंता हे आज कोणाला हसू आणतात? सुरनीसाच्या जागी १६७४ मध्ये बसलेला ‘सचिव’ तीन शतकांनी मंत्रालयात परतला. ‘कारकून’ या शब्दाला शिळा वास येऊ लागला होता, म्हणून ‘लिपिक’ आला. अशोकाच्या कर्नाटकातल्या शिलालेखात ‘लिपिकर’ म्हणून स्वतःचे नाव कोरणारा चपड हा त्याचा दूरचा पूर्वज. आणि पुन्हा तेच: फलकावर ‘जिल्हाधिकारी’, तोंडात ‘कलेक्टर’.

२६/
अलीकडे लिपिकाचेही ‘महसूल सहायक’ झाले, तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’, ग्रामसेवकाचे ‘ग्रामपंचायत अधिकारी’. प्रत्येक पिढीला आपल्या हुद्द्याचे नाव हलके वाटते आणि ती वरचे नाव मागते. मात्र ज्या शब्दांवर कोणाचा तरी हक्क लटकलेला असतो, त्यांना कोणी हात लावत नाही. फेरफार, खातेदार, दस्त, सातबारा जेथल्या तेथे आहेत. शब्द बदलला आणि त्याबरोबर जमीन गेली, ही भीती शेतकऱ्याला कोशकारापेक्षा अधिक कळते.

२७/
१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो विधिवत् मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद झाल्या, साचे भंगारात गेले, त्या जागी मॉल आणि काचेची कार्यालये उभी राहिली. त्या कार्यालयांत ‘कामगार’ कोणी नाही. तेथे ‘असोसिएट’ असतात, ‘टीम मेंबर’ असतात; दारावरचा रखवालदारही ‘सिक्युरिटी’ असतो.

२८/
आणि त्या इमारतींखाली, रस्त्याच्या कडेला दुचाकी लावून, मोबाइलकडे पाहत उभा असतो तो ‘डिलिव्हरी पार्टनर’. बदली कामगार जसा फाटकाशी उभा राही, तसाच. जॉबरच्या जागी पडदा आला आहे. २०२५ पर्यंत लागू असलेला १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा ज्याला कामगार मानत असे, त्याला काढताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागे. भागीदाराला काढावे लागत नाही, त्याचे खाते बंद करता येते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ या नावाने त्याची प्रथमच व्याख्या केली. त्या व्याख्येनुसार तो पारंपरिक मालक-कर्मचारी नात्याच्या बाहेरचा. कायद्याच्या मराठीत का होईना, ‘कामगार’ हा शब्द त्याला परत मिळाला.

२९/
पार्टनर म्हणजे सोबती, साथीदार. मंगोलांचा ‘नोकोर’ हाच अर्थ घेऊन निघाला होता. त्याला लुटीत वाटा मिळे. या सोबत्याला खेपेमागे दर मिळतो, आणि तो दर ॲप ठरवते.